जनूच्या कमरेची सुरी

विल्या, काल तुझं तेरावं झालं. गोडाचं जेवून पाहुणे पांगले. जाताना जो तो म्हणत होता, आक्का मोठ्या धीराची, पाठचा भाऊ गेला तरी एकदाही हंबरडा फोडला नाही. धीर कसला डोंबलाचा! मी तुझ्यावर चिडलेली होते, आणि चिडलेल्या माणसाला रडू धड येत नाही. तुझा शेवटचा दीड महिना आपण एकाच शेडमध्ये बसून एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत होतो. असं भांडण अर्धवट टाकून कोणी जातं का रे? आधी ते पुरं करायचं, मग कुठं जायचं तिकडं जायचं.

तुला लहानपणापासून अर्धं काम टाकून उठायची सवय. गावाकडं आई हाक मारायची तेव्हा ताटातली भाकरी तशीच ठेवून पळायचास. फक्त सुरीच्या बाबतीत तू कधी अर्धवट उठला नाहीस. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यातून कापलेला लोखंडाचा तुकडा एकदा हातात घेतलास की त्याला धार लागेपर्यंत तुला जेवणाची शुद्ध नसायची. तुझी सुनंदा बिचारी डबा घेऊन शेडच्या दारात उभी असायची आणि तू मशीनच्या पट्ट्यावर पातं घासत, ठिणग्यांत. हाका मारून काही उपयोग नसायचा. तिनं मग एक युक्ती काढली. पान्यानं टेबलावर तीनदा ठोकायचं, म्हणजे टेबल हादरलं की तू मान वर करायचास.

ते ठोकणं आम्ही सगळ्यांनीच उचललं. का उचललं, हे मात्र कोणी तोंडातून काढलं नाही. तुझ्या कारखान्यातल्या प्रेसखात्यात वीस वर्षं काढून तुझे कान गेले होते. टीव्ही शेजारच्या चाळीत ऐकू जाईल एवढा मोठा, फोनवर "हां हां, बराबर" करून ठेवून द्यायचास आणि मग मला विचारायचास, "काय म्हणत होता गं तो?" घरात सगळे ओरडून बोलायला लागलो, इतके की पुण्याचे पाहुणे आले तेव्हा त्यांना वाटलं आमच्यात भांडण चाललंय.

कानांच्या तपासणीचा तो किस्सा तूच रंगवून सांगायचास. काचेच्या खोलीत बसवायचे, कानावर टोप घालायचे. ती पोरगी म्हणायची, "भैया, आवाज़ आये तो उँगली उठाना." आवाज तुला कुठला यायला! तू काचेत तिच्या कोपराकडं बघत बसायचास. कोपर हललं की बोट वर. तीन वर्षं पास झालास असा. चौथ्या वर्षी त्यांनी खुर्ची भिंतीकडं फिरवून ठेवली. एवढं सांगून तू खो खो हसायचास, आम्हीही हसायचो. त्यानंतर तुला प्रेसवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं आणि वर्षभरात तू नोकरी सोडून घरी आलास, हा भाग मात्र तू कधी सांगत नव्हतास.

त्याच वर्षी आपण शेड घातली. मी बारा वर्षं बोईसरला वेल्डिंगचे हातमोजे शिवत होते, चामडं माझ्या बोटांना ठाऊक होतं. तू सुऱ्या करणार, मी त्यांची म्यानं. गिऱ्हाईक सांगेल तशी सुरी, त्याच्या हाताच्या मापाची मूठ. आणि म्यान त्या एका पात्यापुरतं, दुसऱ्या कुठल्याला बसणार नाही. बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं ओलं करायचं, पात्याला प्लास्टिक गुंडाळून त्याच्यावर बसवायचं, बोटांनी दाबत दाबत पात्याचा आकार त्याच्यात उतरवायचा, सुकू द्यायचं, मग आरीनं भोकं पाडून मेणाच्या दोऱ्यानं शिवायचं. सुरी आत गेली की टक् करून बसली पाहिजे आणि उलटी धरून हलवली तरी पडता कामा नये.

तूच नियम घातला होतास, की म्यानाशिवाय सुरी शेडबाहेर जाणार नाही. म्हणजे शेवटचा हात माझा. तू कितीही चांगलं पातं कर, मी शिवलं नाही तर ते गिऱ्हाइकाला मिळायचं नाही. थट्टेत म्हणायचास, "माझी साहेबीण ही, सही केल्याबिगर माल जात नाही." हे मी मुद्दाम लिहितेय. कारण पुढं जे झालं त्यात माझी सही आहे.

गणपतीच्या आधी दांडी गावचा जनू आला होता, आठवतंय ना? मासेमारीच्या बोटीवर जाणारा. लुंगी वर करून त्यानं आपल्याला घोट्यावरचा वळ दाखवला. जाळं पाण्यात सोडताना दोर सरसर जातो, त्याचा वेढा त्याच्या पायाला बसला होता. हाताशी बोथट कोयती, दोर काही तुटेना. बोटीच्या कडेपर्यंत फरफटत गेला आणि कोणीतरी मागून धरला म्हणून वाचला. म्हणाला, "दादा, आसी सुरी दे का येका घावान दोर तुटला पायजे. दुसरा घाव मारायला टाइम नाय भेटत." तू त्याच्या पायाकडं बराच वेळ बघितलंस. मग त्याचा पंजा हातात घेऊन माप घेतलंस.

पातं देखणं झालं होतं. रुंद, पाठ जाड, टोक बोथट ठेवलेलं, बोटीवर कोणाला लागू नये म्हणून. त्या दिवशी दुपारी तू त्याला पाणी दिलंस. म्हणायचं पाणी, पण देत होतास तेल. भट्टीत पातं लाल झालं, लोहचुंबक चिकटायचं बंद झालं, आणि तू सांडशीनं उचलून कोमट तेलात उभं सोडलंस. मी दारात आरीला धार लावत बसले होते. तेल चरचरलं आणि त्या चरचरीत एक बारीक आवाज आला. टिंग. काचेच्या बांगडीला नख लागावं एवढाच.

मी हातातलं टाकून उठले. "विल्या, तडकलं."

"काय?"

"तडकलं म्हणते! आवाज आला."

"कुठला आवाज? काय बी आलं नाही." पातं बाहेर काढून तू उजेडात फिरवलंस, त्याच्यावर कानस ओढलीस. कानस घसरली. "हे बघ, कसं कडक झालंय."

"कडक झालंय रे, पण तडकलंय. खडू लावून बघ."

खडूची युक्ती तूच मला शिकवलेली. पात्याला घासलेट चोपडायचं, जरा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडू घासायचा. चीर असली तर आत शिरलेलं घासलेट खडूत वर येतं, केसाएवढी ओली रेघ उमटते. कारखान्यात दुसऱ्यांच्या कामातल्या चिरा तू अशाच पकडून द्यायचास. दहा मिनिटांचं काम. पण तू माझ्याकडं असं बघितलंस की जणू मी तुझ्या तोंडाला खडू फासायला निघाले होते. "आक्का, तुला चामड्यातलं कळतं. लोखंडातलं मला शिकवू नको."

माझ्या तोंडाशी आलं होतं. तुला ऐकू येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. साधं वाक्य. पण तुझं तोंड बघितलं आणि भिंतीकडं फिरवलेली ती खुर्ची डोळ्यांपुढं आली. वाटलं, तिथं त्यांनी केलं ते आता इथं मी कशाला करू. गिळलं मी ते वाक्य. आणि गिळलं म्हणून तोंड फुगवून बसले. तू समजलास, आक्काला माझ्या कामावर भरवसा नाही.

मूठ बसवून झाली. आजवर सुरी तू माझ्यापुढं पाटावर ठेवायचास. सुरी हातात दिली की भांडण होतं, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आईनं ठोकून बसवलेलं. त्या दिवशी तू ती सरळ माझ्या हातात दिलीस आणि निघून गेलास. मी तीन दिवस चामड्याला शिवले नाही. पात्यावर खडू लावून मला एकटीलाही बघता आलं असतं, पण चीर मुठीच्या आत असली तर बाहेर काय दिसणार, अशी मी माझीच समजूत घालत राहिले. खरं सांगू? रेघ दिसली असती तर ती घेऊन मला तुझ्यासमोर यावं लागलं असतं.

चौथ्या दिवशी सुनंदा आली. "आक्का, हे जेवत नाहीत धड. द्या ना एकदाचं शिवून." जनूचा फोन येऊन गेला होता, बोट निघायची होती. मी शिवलं. रागानं शिवलं म्हणून की काय, टाके असे पडले की तसे पुन्हा जमायचे नाहीत. तू म्यान बघितलंस, कडेवरून अंगठा फिरवलास, "झ्याक" म्हणालास आणि स्कूटरवर घालून दांडीला देऊन आलास.

त्यानंतर रोज एकच. चपाती लाटताना, चामडं कापताना, रस्त्यानं चालताना मला जनूचा तो घोटा दिसायचा. दोर सुटलाय, वेढा बसलाय, जनूनं सुरी काढलीय, आणि घाव घालताच पातं मुठीपाशी मोडलंय. मी तरी का गेले नाही? कुंभवलीहून दांडी म्हणजे काही काशी नाही. पण तुझ्या पाठीमागं जाऊन गिऱ्हाइकाला सांगायचं की माझ्या भावाचं काम कच्चं आहे, हे मला जमेना. आणि तोंडावर तुला पुन्हा सांगणं तर त्याहून जमेना. खंडेनवमीला हत्यारांवर झेंडू वाहिले, तुझी हातोडी आणि माझी आरी एका पाटावर. तेव्हा तू काहीतरी बोलणार असं वाटलं होतं. तू माझ्याकडं बघितलंस, घसा खाकरलास आणि म्हणालास, "नारळ कुणी फोडायचा?" मीही म्हटलं, "फोड की तूच."

त्यानंतर चारच दिवसांनी सकाळी चहाचा कप तुझ्या हातातून पडला.

विल्या, तू सरणावर होतास आणि माझ्या डोळ्यांपुढं जनूचा पाय होता. असली कसली बहीण मी! सगळे तुला बघत होते आणि मी मनातल्या मनात हिशेब मांडत होते की आता हे जगात फक्त मला ठाऊक आहे. जनूला फोन लावला, बंद. दुसऱ्या दिवशी लावला, बंद. समुद्रात कुठला लागायला. पाचव्या दिवशी मी घासलेटाची बाटली आणि खडू पिशवीत टाकून निघाले, तर सुनंदाची आई आडवी आली. "सुतकात कुठं निघालात?" तिला काय सांगू? "विलासचं एक काम राहिलंय," म्हटलं आणि रिक्षात बसले.

दांडीला जनूचं घर विचारत गेले. त्याची बायको भारती अंगणात बोंबील उलटेपालटे करत होती. तू गेलास हे तिला सांगितलं तशी तिनं हातातली मासळी खाली ठेवली. मग आत जाऊन पाणी घेऊन आली. "बोट भरतीला येल. बस. पानी घे."

बसले. तीन तास बसले. खाडीत पाणी चढत होतं, एकेक बोट आत येत होती आणि दर वेळी मी उठून उभी राहायची. भारतीला वाटत असेल, बाई भावाच्या दुःखानं भ्रमिष्ट झाली. माझं मन घालवायला म्हणून ती सुरीचं बोलायला लागली. "तुज्या भावान सुरी दिली ना, तवापासून त्याला भ्या नाय वाटत. आदी जाल्याच्या दोराजवल दुसऱ्याला उबा करी. आता सोताच जाते. झोपते पन सुरी कमरेला लावून."

सुरी नसती तर तो दोरापासून लांब राहिला असता. आपण त्याला सुरी देऊन दोराजवळ नेऊन उभा केला होता. आणि ही बाई माझे आभार मानत होती, पुन्हा पुन्हा पाणी विचारत होती. मी तिच्या डोळ्याला डोळा देऊ शकले नाही.

त्याची बोट आली तेव्हा मी आधी पाय मोजले. दोन होते. चिखलात उतरून तो चालत वर आला, मला बघून हसला. त्याला सांगितलं. तो हसू आवरायचं विसरला, तसाच उभा राहिला, आणि मग डोक्याचा रुमाल काढून त्यानं तोंडावर धरला. मी थोडं थांबायला हवं होतं. पण माझ्यात तेवढा धीर उरला नव्हता. म्हटलं, "जनू, सुरी दे आधी."

त्यानं कमरेची सुरी काढून ओट्यावर ठेवली. मी घासलेट चोपडलं, मुठीच्या कडेनं चांगलं मुरवलं. थांबले. पदरानं कोरडं पुसलं. खडू घासला. भारती आणि जनू दोघंही माझ्या हाताकडं बघत होते. मी पात्याकडं बघत होते. पांढरं पातं, आणि रेघ नाही. या बाजूला नाही, त्या बाजूला नाही, पाठीवर नाही. पुन्हा सगळं केलं. नाही म्हणजे नाही.

त्या क्षणी मला काय वाटलं ते ऐक. सुटका वाटलीच. पण त्याच्या पाठोपाठ अशी लाज वाटली म्हणून सांगू. म्हणजे तू खरा होतास. माझ्याच कानाला काहीतरी भास झाला होता आणि त्या भासापायी मी तुझा शेवटचा दीड महिना नासवला. तुझ्या हातचं चांगलं पातं मी सुतकात येऊन परक्याच्या ओट्यावर खडूनं माखत होते. मनात म्हटलं, माफ कर रे बाबा, आणि खडू पुसून सुरी म्यानात घातली.

ती टक् करून बसली नाही.

काढली, पुन्हा घातली. नाही बसली. म्यान उलटं केलं तशी सुरी घसरली आणि तिच्यासोबत आतून एक काळा तुकडा बाहेर आला. रबराचा. सायकलची ट्यूब! माझ्या म्यानात सायकलची ट्यूब कोंबलेली! माझं डोकंच फिरलं. जनूवर ओरडले मी, "हे काय केलंस? म्यानाला काय झालं होतं?"

जनू चपापला. "मी नाय कोंबला. दादान कोंबला. ही सुरी जराशी बारीक हाय ना पैल्यापेक्षा." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाला, "तो बोलला नाय तुला?"

विल्या, तू नवरात्राच्या आधी तिथं गेला होतास. औषधाच्या बाटलीत घासलेट आणि खिशात खडू घेऊन गेला होतास. बोट किनाऱ्याला होती आणि बोटीच्या कडेवर बसून तू खडू लावलास. जनू सांगत होता, "रेग आली. मुठीपासून वर, आंगठ्यायेवडी. दादा ती बगून माज्या पायाकडं बगत बसला. मी बोललो, काय झाला? तर बोलला, आक्कानं ऐकलं होतं. तिला आवाज आला म्हणजे आला असणार. माझे कान गेलेत, तिचे नाहीत."

हे तू जनूला सांगितलंस. वर्षानुवर्षं घरात टेबलं ठोकत बसलेल्या आम्हाला नाही, एका दर्यावरच्या माणसाला, बोटीच्या कडेवर. ती सुरी परत घेऊन आलास आणि चार दिवसांत नवं पातं करून नेऊन दिलंस. मी चामडं आणायला गेले होते, तेव्हाच ना केलंस? म्यान नवं मागितलं असतंस तर मी विचारलं असतं, म्हणून जुन्यातच ट्यूब कोंबलीस. आणि जनूला बजावून आलास, आक्काला सांगू नको, मी सांगणार आहे. "भाऊबीजेला सांगतो बोलला. हसत होता. बोलला, दर सालाला ताटात काय घातलं तरी आक्का नाक मुरडते. या सालाला मोडक्या सुरीचे तुकडे घालतो, बघू आता नाक मुरडते का."

मी तिथं ओट्यावर बसून पहिल्यांदा रडले. हसत पण होते मधेच. नाक मुरडते म्हणे! साडीचा रंग बघून आणायला नको होता का तुला?

मग मात्र मला गप्प राहवेना. जनूला म्हटलं, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी आवाज ऐकला होता. तरी म्यान शिवून दिलं." भारती बोंबलांकडं वळली होती, ती तिथंच थांबली. "म्हंजे तुला ठाव होता? ठाव असून तू शिवला?" आवाज चढवला नाही तिनं. "तुमी भाव-भयन रुसून बसल्यात, आन माजा मानूस म्हयनाभर ती घेऊन दर्यावर."

"जाऊ दे गो," जनू म्हणाला.

"जाऊ दे कसा?" ती म्हणाली, आणि पुन्हा मासळी उलटायला लागली. मला पुन्हा पाणी विचारलं नाही तिनं. बरोबरच केलं.

सुरी मी सोबत आणली. पुढच्या खेपेआधी त्याला नवं म्यान हवं होतं. सुतकात हत्याराला हात लावायचा नाही म्हणून सुनंदाच्या आईनं पुन्हा तोंड वाकडं केलं, तरी मी शेड उघडली. न्यायला भारती स्वतः आली. सुरी आत घालून तिनं म्यान उलटं धरलं आणि हलवलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग दोन्ही हातांनी टाके ओढून बघितले. मी समोर उभी होते, शाळेत गृहपाठ तपासून घेताना उभं राहावं तशी. ती "येते" एवढंच म्हणून गेली.

आज सकाळी सुनंदा तुझा कानशींचा डबा घेऊन आली. त्याच्या तळाशी एक पुडकं होतं. चकचकीत कागदात बांधलेलं, चिकटपट्टी वाकडीतिकडी लावलेली. सुनंदाला वाटत होतं, तिच्यासाठी काहीतरी असेल. मी म्हटलं, "नाही गं, माझं आहे ते." भाऊबीजेला अजून पाच दिवस आहेत, पण यंदा आपल्या घरात ताट नाही की दिवा नाही, मग थांबायचं कशाला. मी उघडलं. शिकंज्यात धरून मोडलेल्या पात्याचे दोन तुकडे. जिथं मोडलंय तिथं लोखंड आतून चांदीसारखं स्वच्छ आहे, आणि एका कडेला अंगठ्याएवढा भाग काळाकुट्ट. तो भाग तू मोडायच्या आधीच तुटलेला होता. पातं तेलात उभं असताना.

सुनंदा विचारत होती, हे काय आहे, ह्यांनी हे का बांधून ठेवलं. मी तिला सगळं सांगितलं. तुला ऐकू येत नव्हतं हेही सांगितलं, जणू तिला ठाऊकच नव्हतं. ती म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही बोलाल कधीतरी त्यांना. तुमचं ऐकायचे ते." तुझा मान राखायचा म्हणून गप्प बसले, असं मी महिनाभर स्वतःला सांगत होते. मान राखायचा होता तर शिवायचं नव्हतं. तुझ्या अंगावर आरी फेकायची होती, पण शिवायचं नव्हतं. तू तुझी चूक मोडून, बदलून, वर कागदात बांधून ठेवलीस. माझी महिनाभर तशीच समुद्रात आणि किनाऱ्यावर फिरत होती, आणि तिच्यापायी जनूला काही झालं नाही ते तुझ्यामुळं.

तुकडे पदरात घेऊन बसलेय. नाक मुरडलेलं नाही, बघ. पन्नाशी उलटली तरी मी तुला हे कधी म्हटलेलं नाही, थोरली होते ना. विल्या, माझं चुकलं रे.